अंगठाभर उंच

भंडाऱ्यात मी गॅरेज चालवलं त्या सगळ्या काळात गिऱ्हाइकांची एक मागणी कधी बदलली नाही. गाडी उचलून द्या. जीप असो, काळीपिवळी असो की धानाची पोती वाहणारी छोटी मालगाडी असो, मालक खाली उतरायच्या आधी खिडकीतूनच हे सांगायचा. मागच्या चाकांवरच्या स्प्रिंगच्या कमानीत एक पाटा जास्त टाकला की गाडी चार बोटं वर येते. मग ती लाकडी पाटासारखी चालते, आत बसलेल्याचे दात वाजतात, पण मालक खूश. रस्ता खराब म्हणून गाडी उंच, गाडी उंच म्हणून दणके जास्त, आणि दणके जास्त म्हणून पुन्हा रस्त्याला शिव्या. या चक्रावर माझं घर चाललं, त्यामुळे मी कधी कोणाला शहाणपणा शिकवायला गेलो नाही.

दिवाळी अंकासाठी काही लिहा असं मला सांगितलं गेलं, तेव्हा बहुधा अपघातांचे आणि बिघडलेल्या वरातीच्या गाड्यांचे किस्से अपेक्षित असावेत. तेही आहेत माझ्याकडे. पण गॅरेज बंद केल्यापासून आठवते ती एकच गाडी, जिची उंची वाढवायची नव्हती, बरोबर करायची होती. हे काम मला आधी कोणी सांगितलं नव्हतं आणि नंतरही कोणी सांगितलं नाही.

जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला, त्यानंतरच्या काही वर्षांतली ही गोष्ट. तिकडच्या सरकारी जीपा दुरुस्तीसाठी भंडाऱ्याला येत, त्या येईनाशा झाल्या. देवरी-आमगावकडची माझी सगळी ओळखीची गिऱ्हाइकं एकदम परजिल्ह्यातली झाली. गॅरेजपुढची रांग अर्ध्यावर आली आणि मला वर्तमानपत्र आतल्या पानांपर्यंत वाचायला वेळ मिळू लागला. अशा रिकामपणात माणूस नको त्या कामाला हो म्हणून बसतो. वासुदेवजी गाडी घेऊन आले तेव्हा मी तसाच हो म्हणून बसलो.

वासुदेवजी म्हणजे आमच्या कोष्टी मोहल्ल्यातले कोशाच्या कापडाचे व्यापारी. कोसा म्हणजे जंगलातल्या झाडांवर होणाऱ्या कोशांचं रेशीम, मधाच्या रंगाचं. त्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या हाच धंदा. दुकान वासुदेवजी सांभाळत, पण धंद्याचा जीव त्यांच्या पत्नी कमलाबाईंच्या हातात होता, हे मोहल्ल्यात सगळ्यांना माहीत होतं. कोशाचं सूत चरख्यावर निघतं तसंच हातानेही काढतात. अड्याळ आणि आसगावकडच्या काही घरांतल्या बायका कोसे उकळून, उघड्या मांडीवर तळहाताने वळत वळत धागा काढायच्या. हे काम कसं चाललंय ते बघायला तिथे पुरुषमाणूस बसू शकत नाही. कमलाबाई बसायच्या. धागा कुठे जाड झाला, कुठे पीळ कमी पडला, ते त्या बोटांनी ओळखायच्या आणि तिथल्या तिथे करून दाखवायच्या. दर आठवड्याला त्यांची फेरी असे.

मग गोदामाच्या जिन्यावरून त्या पडल्या. कमरेच्या मणक्याला मार बसला. चालता येत होतं, घरात थोडंफार वावरता येत होतं, पण बसून दणका सहन होत नव्हता. डॉक्टरांनी प्रवास बंद सांगितला. तरी त्यांनी एकदा एसटीने जाऊन पाहिलं, एकदा जीपने. ऑटोने तर मोहल्ल्यातून बाजारापर्यंत जाईतो डोळ्यांतून पाणी आलं. फेऱ्या थांबल्या. वासुदेवजी एकटे गावोगाव जात, ओसरीवर बसत, चहा घेत आणि जे सूत हातात मिळेल ते घेऊन परत येत. सूत दिवसेंदिवस गाठींचं येऊ लागलं. अड्याळच्या दोन बायकांनी तर ते कामच सोडलं आणि राइस मिलमध्ये जाऊ लागल्या. बघणारं, बोलणारं, चूक काढणारं कोणी नसलं की असल्या बारीक कामातला रस जातो. कमलाबाई घरी भिंतीला टेकून बसत आणि आलेलं सूत चाचपून बाजूला ठेवत.

नागपूरच्या एका वृद्ध डॉक्टरांकडे एक जुनी फ्रेंच गाडी होती. कोण्या वकिलातीच्या लिलावात त्यांनी ती घेतली होती. गाडीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर तिचे शौकीन मला पत्रं लिहून बेजार करतील. तर त्या डॉक्टरांनी वासुदेवजींना सांगितलं की पाठीच्या माणसाला बसवायचं असेल तर ह्याच गाडीत बसवा, ही पाण्यावर चालल्यासारखी चालते. वासुदेवजींनी गाडी घेतली. आमच्या जिल्ह्यात तशी दुसरी नव्हती, आणि नसण्याला कारण होतं.

ही गाडी स्प्रिंगवर उभी नसते, तेलावर उभी असते. प्रत्येक चाकापाशी नारळाएवढा एक लोखंडी गोळा असतो. गोळ्याच्या आत रबराचा पडदा, पडद्याच्या एका बाजूला कोंडलेला वायू आणि दुसऱ्या बाजूला तेल. चाक वर उचललं की तेल त्या वायूला दाबतं, वायू मऊपणे मागे सरतो, आणि आतल्या माणसाला खड्डा कळत नाही. इंजिन चालू असलं की पंप तेलाला जोर देत राहतो. इंजिन बंद करून गाडी उभी ठेवली की तेल हळूहळू मागे जातं आणि गाडी खाली बसते. जुनी झालेली जरा लवकर बसते.

हे वासुदेवजींना कोणी सांगितलं नव्हतं. गाडी आली ती दसऱ्याला. दारापुढे उभी करून हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली. आरती संपेपर्यंत गाडीचा मागचा भाग सावकाश खाली गेला आणि मग पुढचाही. मोहल्ल्यातल्या लोकांनी ते पाहिलं. काहींनी हात जोडले. भटजींनी वेळ मारून नेली, म्हणाले की गाडीने दंडवत घातला, शुभ आहे. वासुदेवजींना मात्र ते काही शुभ वाटलं नाही.

त्यांचा ड्रायव्हर दौलत. अड्याळचा, जीपवर तयार झालेला, चांगला पोक्त माणूस. गाडीत सीटच्या बाजूला उंची कमीजास्त करायचा एक दांडा असतो, तो त्याला सापडला. दांडा वर सरकवला की गाडी उंटासारखी उभी राहते. ती सोय चाक बदलायला किंवा ओढ्यावरचा एखादा खोल रपटा रांगत ओलांडायला असते. दौलतला वाटलं, हीच तिची खरी उंची असणार. त्याने दांडा वरच ठेवला आणि कमलाबाईंना मागे बसवून पहेलामार्गे अड्याळला निघाला.

त्या अड्याळला पोचल्याच नाहीत. पहेल्याच्या अलीकडेच त्यांनी गाडी थांबवायला लावली आणि रस्त्याकडेच्या बाभळीखाली चटई टाकून आडव्या झाल्या. दौलतने पायी पायी जाऊन फोन केला. वासुदेवजी जीप घेऊन गेले, पण जीपमध्ये तर बसणं शक्यच नव्हतं. शेवटी त्याच गाडीने, पायी चालणाऱ्या माणसाच्या चालीने त्यांना घरी आणलं. त्यानंतर त्यांनी सांगून टाकलं की आता मला गाडी दाखवू नका, अड्याळ दाखवू नका, जे सूत येईल ते विका.

वासुदेवजी माझ्याकडे आले ते त्यानंतर. नागपूरचा एक जण गाडी घ्यायला तयार होता, रविवारी येणार होता. त्याआधी एकदा बघा म्हणाले.

"मिस्त्री, मले ठेवाची आहे हे गाडी," ते म्हणाले. "पण तिच्यासाठी ठेवाची आहे. ते बसत नसन, तर मले कायले पाहिजे?"

कारण सापडायला वेळ लागला नाही. उंचीचा दांडा मधल्या खाचेत आणला की गाडी खाली यायला हवी होती, ती थोडी आली, पण पुरेशी नाही. आधीच्या कोण्या कारागिराने तिची मूळची उंचीच वाढवून ठेवलेली होती. म्हणजे तिथेही माझ्यासारखाच कोणी बसलेला होता, पाटा वाढवून देणारा.

इथे थोडं कामाचं सांगतो. या गाडीची उंची एक व्हॉल्व्ह ठरवतो. दोन चाकांना जोडणारी एक आडवी दांडी असते. तिच्यावर एक क्लॅम्प आवळलेला असतो आणि तिथून बारीक सळई त्या व्हॉल्व्हला जाते. गाडी खाली दबली की सळई व्हॉल्व्ह उघडते, तेल आत येतं, गाडी वर येते. गाडी जास्त वर गेली की तेल बाहेर सुटतं. बरोबर उंचीला दोन्ही वाटा बंद. क्लॅम्प दांडीवर केसभर फिरवला की ती बरोबर उंची बदलते. उंची कमी राहिली तर चाक वर आदळतं, जास्त झाली तर चाकाला खाली जायला जागाच उरत नाही. खड्डा आला की चाक आत उतरण्याऐवजी लोंबतं, खालच्या टोकाला थडकतं, आणि तो दणका सरळ बसणाऱ्याच्या कमरेत जातो. वायू कितीही मऊ असो, तो काही करू शकत नाही. खाट जास्त ताणून विणली तर अंग दुखतं तसलाच प्रकार.

माप घ्यायची रीतही निराळी. टायरमधली हवा आधी बरोबर करायची, गाडी सपाट जागी उभी करायची, इंजिन चालू ठेवायचं. मग दोन माणसांनी बंपर धरून गाडी हातांनी वर उचलून धरायची. गाडीला वाटतं आपण फार वर गेलो, ती तेल सोडते. हात काढले की ती खाली जाते आणि हळूहळू वर येऊन थांबते. तिथे एक माप. मग तीच गाडी खाली दाबून धरायची. आता ती तेल घेते, सोडली की उसळते आणि हळूहळू खाली येऊन थांबते. तिथे दुसरं माप. दोन्ही मापं कधी सारखी येत नाहीत, त्यांचा मध्य धरायचा. पुढे तसंच, मागे तसंच. नागपूरच्या डॉक्टरांनी मला फोनवर हे सगळं नीट सांगितलं. गाडी चांगली चालत होती तेव्हाच त्यांनी चाकावरच्या पत्र्याच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजून ठेवलं होतं, ते आकडेही दिले.

माझ्या गॅरेजची फरशी पाणी वाहून जावं म्हणून उताराची होती. सपाट जागा शोधायला फार फिरावं लागलं नाही, कारण ती वासुदेवजींच्या दारातच होती. विणकरांच्या मोहल्ल्यात पांजणीसाठी एक गल्ली राखलेली असते. विणायच्या आधी लांबच्या लांब ताणा गल्लीत पसरून त्याला खळ लावतात, त्यासाठी जमीन सारखी लागते. सकाळी तिथे सूत असे, दुपारी गल्ली मोकळी. मी गवंड्याकडून पातळी बघायची पाण्याची नळी मागून आणून खात्री केली. गल्ली खरंच सपाट निघाली.

शुक्रवारी दुपारी आम्ही कामाला लागलो. बंपर उचलायला मी आणि दौलत. माप घ्यायला मी माझी पट्टी काढली, तर वासुदेवजींनी ती बाजूला ठेवली आणि दुकानातून स्वतःचा कापड मोजायचा गज आणला. पितळी टोकांचा, शिसवी, कडेला सेंटिमीटरच्या खुणा करून घेतलेला. माप मीच घेईन म्हणाले. जन्मभर मोजत आलेला माणूस, त्यात बायकोसाठी चाललेलं काम. मी नाही म्हणायचं काही कारण नव्हतं.

आम्ही उचलायचो, सोडायचो, ते गज जमिनीवर टेकवून चाकापाशी उकिडवे बसायचे आणि आकडा सांगायचे. आम्ही दाबायचो, सोडायचो, ते पुन्हा आकडा सांगायचे. मी गाडीखाली जाऊन क्लॅम्प सरकवायचो. ओट्यांवर बसलेल्या बायका दोन बाप्यांना गाडीशी कुस्ती खेळताना बघत होत्या. सूर्य कलला तेव्हा मध्य बरोबर डॉक्टरांच्या आकड्यावर आला. मी हात पुसले. काम मनासारखं झालं की मला थोडी ऐट येते, ती आली.

शनिवारी सकाळी मी मागच्या सीटवर, जिथे कमलाबाई बसायच्या तिथे बसलो आणि दौलतला पवनीच्या रस्त्याने गाडी न्यायला सांगितली. गाडी पूर्वीपेक्षा पुष्कळ बरी होती. साध्या रस्त्यावर तर सुरेख. पण रपट्यावरून उतरताना खालून टण्‌ असा आवाज आला आणि कमरेत कळलं. माझी कमर धडधाकट होती, तरी कळलं. दुसऱ्या खड्ड्यालाही तसंच. चाक लोंबत होतं. गाडी अजून उंच होती.

मला ते पटेना. आकडे बरोबर, जमीन सपाट, हवा बरोबर. परत येऊन मी डॉक्टरांना पुन्हा फोन लावला. त्यांनी तेच आकडे पुन्हा सांगितले आणि मोजण्यात काही चुकलं असेल असं सौम्यपणे म्हणाले. मला रागच आला. आम्ही काय मोजायला शिकलो नाही? वासुदेवजींनी तर हातच टेकले. म्हणाले, जाऊ द्या, उद्या तो नागपूरवाला येऊन राहिला, नेऊ द्या त्याले. मी म्हणालो, आज दुपारी एकदा पुन्हा मोजू, मग काय करायचं ते करा. एवढ्या मेहनतीनंतर गाडी कोणी परका घेऊन जाणार आणि आपल्याला दोष सापडलेला नसणार, हे मला सहन होणारं नव्हतं. कमलाबाईंचं दुःख मोठं होतं, पण खरं सांगायचं तर त्या घटकेला मला माझंच जास्त होतं.

दुपारी पुन्हा तीच कुस्ती. कमलाबाई त्या दिवशी ओट्यावर होत्या, पाठीला उशी लावून, मांडीवर सुताची लड घेऊन. गाडीकडे त्या बघत नव्हत्या. नवऱ्याकडे बघत होत्या. आम्ही गाडी उचलून सोडली. ती सावकाश वर येऊन थांबली. वासुदेवजी गज टेकवून बसले, वाकले, आकडा सांगितला. आकडा अगदी बरोबर होता. मी दौलतकडे बघितलं, दौलतने माझ्याकडे.

"अजी," कमलाबाई ओट्यावरून म्हणाल्या, "तो अंगठा काढा."

वासुदेवजींनी वर पाहिलं. "कोनता अंगठा?"

"तुमचाच. गजावरचा."

आम्ही सगळ्यांनी बघितलं. गज सरळ उभा होता. वासुदेवजींचा उजवा अंगठा गजावर आडवा होता, वरची कड पत्र्याला चिकटलेली, आणि आकडा ते अंगठ्याच्या खालून वाचत होते. ज्यांनी कापड दुकानात उभं राहून घेतलेलं नाही, त्यांना हे सांगायला हवं. आमच्याकडे चांगला व्यापारी गजाला गज कधी कापत नाही. प्रत्येक गजाच्या शेवटी तो अंगठा ठेवतो आणि अंगठ्याच्या पलीकडून पुढचा गज धरतो. तेवढं कापड गिऱ्हाइकाला वरचं. त्याचा हिशेब नाही, ती रीत आहे. अंगठा न ठेवणाऱ्याच्या दुकानात लोक दुसऱ्यांदा जात नाहीत. वासुदेवजींच्या वडिलांनी ठेवला, त्यांनी ठेवला. गज हातात आला की अंगठा तिथे जाणारच.

म्हणजे आम्ही गाडीला प्रत्येक मापामागे एक अंगठा उंची वरची दिली होती.

"गाडीले कायले जास्त देता?" कमलाबाई म्हणाल्या. "ते काय गिऱ्हाईक आहे?"

दौलत हसला. मीही हसलो. वासुदेवजी हसले नाहीत. त्यांनी अंगठा काढला आणि हात उलटा करून बघितला.

"हात आपलाच आपन जाऊन राहिला व," ते म्हणाले. "मले समजलंच नाही."

मग त्यांनी गज माझ्या हातात दिला. मी तो परत केला आणि म्हटलं, तुम्हीच घ्या, फक्त अंगठा खिशात ठेवा. त्यांनी खरंच डाव्या हाताने गज धरला आणि उजवा हात पाठीमागे नेला. क्लॅम्प फिरवून फिरवून मी गाडी अंगठाभर खाली आणली. पुढे आणली, मागे आणली, उचलून सोडून, दाबून सोडून पुन्हा पाहिली. उभी राहिली तेव्हा ती दिसायला बसकी, बापुडवाणी दिसत होती. ओट्यावरच्या बायकांना ती मुळीच आवडली नाही. दौलतलाही नाही. एवढी खाली गाडी आसगावच्या रस्त्याने कशी जाणार, असं तो मला बाजूला घेऊन विचारत होता. त्याचं चुकत नव्हतं, आमच्या भागात उंची हीच गाडीची अब्रू.

त्या गाडीचं पुढे काय झालं तेही इथेच सांगून टाकतो, कारण ते काही आनंदाचं नाही. काही वर्षं ती चालली. तिला लागणारं हिरवं तेल मुंबईहून यायचं, ते मिळेनासं झालं. दुसरं तेल घातलं तर आतली रबरं फुगून वाया जातात. गोळ्यांतला वायू भरून देणारा माणूस नागपुरातही उरला नाही. एक दिवस ती बसली ती उठलीच नाही. वासुदेवजींच्या गोदामाच्या मागे ती अजून आहे म्हणतात, मी बघायला जात नाही. ते काम मला एकदाच करायला मिळालं आणि ते दुसऱ्या कोणाला शिकवायची वेळ आली नाही, याचं वाईट वाटतं. पाटे वाढवायला शिकवलेली पोरं मात्र जिल्ह्यात ढीगभर आहेत, आणि त्यांचं उत्तम चाललंय.

रविवारी सकाळी नागपूरवाला यायच्या आधीच वासुदेवजींनी त्याला फोन करून माझा फोन आल्याशिवाय निघू नका म्हणून सांगितलं. कमलाबाईंना कसं विचारावं याची त्यांना धास्ती होती. त्यांनी मलाच पुढे केलं. मी काही बोलायच्या आत कमलाबाई म्हणाल्या की पहिल्या दणक्याला मी उतरीन, आणि मग मला कोणी म्हणायचं नाही. त्यांच्या हातात कालचीच लड होती. त्यातली एक गाठ त्यांनी मला दाखवली. ही कोणाची आहे ते मले माहीत आहे, म्हणाल्या. गाठीवरून त्यांना बाई कळत होती.

दौलत चालवायला, मी त्याच्या शेजारी, पायाशी पाने. मागे ते दोघं. गाव सुटलं. दौलतने स्टेअरिंग असं धरलं होतं की जणू ते फुटेल. मी आरशात बघायचं टाळत होतो, पण कान मागेच होते. रपटा आला. मी समोरचा डॅशबोर्ड घट्ट धरला. गाडी खाली गेली, वर आली. टण्‌ झालं नाही. मागून काही आवाज नाही. बाभळीचं ते झाड आलं आणि मागे गेलं. मग पहेला मागे पडलं. वासुदेवजी मध्येच हळू आवाजात काही विचारत होते. "गपचूप बसा जी," असं उत्तर आलं.

अड्याळला त्या उतरल्या, सरळ चालत एका घरात गेल्या आणि दार लोटून घेतलं. आम्ही तिघे पुरुष ओसरीवर बसलो. आतून आधी रडण्याचा आवाज आला, म्हातारीचा. मग बोलणी, मग कमलाबाईंचा चढलेला सूर. कोणाला तरी सुताबद्दल चांगलंच झापणं चाललं होतं. मग बराच वेळ काही नाही, नुसती तळहाताची एकसारखी घसट. वासुदेवजींनी चहा गार होऊ दिला. मिल धरलेल्या दोघींपैकी एक मागच्या दाराने आत गेली, ते दौलतने पाहिलं आणि मला खुणेने दाखवलं. कमलाबाई चांगली दोन घरं फिरल्या. निघताना आसगावलाही निरोप पाठवला, पुढल्या हप्त्याले येतो म्हणून. वासुदेवजी गाडीचं दार धरून उभे होते.

परतताना ऊन उतरलं होतं. शेतात धान पिवळं पडायला लागलं होतं. भंडारा जवळ आलं तसा मी आरशात बघितलं. कमलाबाई झोपल्या होत्या. मान एका बाजूला, हातातली नवी लड सैल झालेली. बसल्या जागी झोप लागणं त्यांना त्या पडल्यापासून जमलं नव्हतं, रात्रीही त्या तुकड्या-तुकड्यानेच झोपत, हे वासुदेवजींनी मला नंतर सांगितलं. त्या वेळी मी नुसतं बघितलं. वासुदेवजी अंग चोरून दाराला टेकून बसले होते, त्यांना जागा जास्त मिळावी म्हणून.

मोहल्ल्याचं वळण आलं. दौलतने गाडी हळू केली.

"दौलत," वासुदेवजी मागून म्हणाले. आवाज इतका हळू होता की मला वाटलं मलाच ऐकू आला. "घराकडे नको वळवू. सिधी जाऊ दे."

"कुठं जी?"

"कुठंबी. रस्ता असन तिथवर."

दौलतने वळण सोडलं आणि गाडी वैनगंगेच्या पुलाकडे घेतली.